कडेची ओळ

तेजल लांघीच्या भाताची मुळं मी पहिल्यांदा पाहिली त्या दिवशी मला दुपारचं जेवण गेलं नाही.

तेजल माझी विद्यार्थिनी. भाताचं फूल चिमट्यानं उघडून त्यातले पुंकेसर कसे काढायचे हे तिला मी शिकवलं. तेव्हा तिचे हात असे थरथरायचे की निम्मी फुलं मातीत जायची. तीच तेजल आठ वर्षांनी बाहेरून शिकून आमच्या कोळदऱ्याच्या भात संशोधन केंद्रावर रुजू झाली आणि येताना मूळदर्शक नावाचं यंत्र घेऊन आली. दिसायला ते अगदी साधं, चाकं लावलेल्या पाटासारखं. पिकाच्या दोन ओळींमधून ते ओढत न्यायचं. ते जमिनीत लहरी सोडतं, मुळांवर आपटून त्या परत येतात आणि त्यांच्यावरून मुळांचं चित्र पडद्यावर उमटतं. एक रोपही उपटावं लागत नाही. मी एकोणीस वर्षं रोपं उपटून, धुऊन, पट्टीनं मुळं मोजत आले होते. उपटलेल्या रोपाची निम्मी मुळं जमिनीतच राहतात हे मलाही कळत होतं, पण दुसरा इलाज नव्हता.

"मॅडम, आधी तुमचा नऊ नंबर बघू या," तेजल म्हणाली. मान देण्यात ती कधी चुकायची नाही. तोच तर त्रास होता.

'कोळदरा-नऊ' हा माझा वाण. त्याच्यावर मी ती सगळी एकोणीस वर्षं घातली होती. केंद्रातली झाडून सगळी माणसं पडद्याभोवती जमली. माझ्या नऊची मुळं दिसली: वीतभर खोल, फार तर दीड वीत, पांढऱ्या दोऱ्यांचा एक गुंता. मग तिनं यंत्र स्वतःच्या 'कोळदरा-चौदा'वरून नेलं; हा वाण तिनं बाहेर शिकतानाच घडवायला घेतला होता. मुळं खाली गेली, आणखी खाली गेली, तिला पडद्यावरचं चित्र दोनदा सरकवावं लागलं. पुरुषभर खोलीवर, जिथे पाऊस महिनाभर दडून बसला तरी ओल असते, तिथे ती जाऊन पोचली होती.

"बाई, तुमच्या भाताची मुळं लई लाजरी हायती," ठकूबाई धराडे म्हणाली. ठकूबाई आमच्या शेतावरच्या मजूर बायकांची मुकादम. सगळे हसले. तेजलही हसली, मग माझ्याकडे पाहून तिनं हसू आवरलं. ते आवरणं मला हसण्यापेक्षा जास्त लागलं.

माझं नाव अनसूया मोहोळकर. अनसूया म्हणजे जिला असूया नाही ती. आईवडिलांनी जरा थांबून, माझा स्वभाव पाहून नाव ठेवायला हवं होतं. त्या दिवसापासून मी तेजलला पाण्यात पाहू लागले. तिला बाहेरून निधी मिळाला की माझं पोट दुखे. तिचा निबंध छापून आला की माझ्या अंगाचा तिळपापड होई. तिचं अक्षर सुरेख होतं, मला त्याचाही राग यायचा. माझ्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर पंधरा दिवस ती रोज दोन वेळा माझ्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालायला यायची. मी मान वर करून डोळे उघडे ठेवायची आणि मनात म्हणायची, हिला दुसरं काम नाही का.

आता थोडं आमच्या कामाविषयी सांगायला हवं, नाहीतर पुढचं पाप कळायचं नाही.

खाचरात चिखल करून, पाणी साठवून भात लावायचे दिवस आमच्या डोंगरात संपत आले होते. पाऊस वर्षाचा तेवढाच पडे, पण चार दिवसांत धो धो आणि मग तीन-चार आठवडे गायब. खाचरं भेगाळत. म्हणून भाताला नाचणी-वरईसारखं उतारावरच्या वरकस, म्हणजे हलक्या जमिनीत कोरड्यात पेरायचं आणि तिथे जगायला शिकवायचं, हे आमचं काम. अकरा नवे वाण आणि बारावा तुलनेचा, म्हणजे गावकरी पिढ्यानपिढ्या पेरतात तो. हे बारा वाण बारा अरुंद प्लॉटांत एकाशेजारी एक पेरायचे. जमीन सगळीकडे सारखी नसते म्हणून अशीच बारांची रांग उतारावर चार ठिकाणी, आणि प्रत्येक रांगेत क्रम वेगळा. हा क्रम माणसानं ठरवायचा नाही, कारण माणूस आपल्या लाडक्याला चांगली जागा देतो. तो संगणक ठरवतो, चिठ्ठ्या टाकल्यासारखा. दोन वर्षं नुसती गाळणी, तिसऱ्या वर्षी शेवटची परीक्षा. त्या वर्षी जो वाण तुलनेच्या वाणापेक्षा दहा टक्के जास्त पिकेल तो शेतकऱ्यांकडे जाणार. बाकीचे बाद. बाद म्हणजे मूठभर बियाणं शीतगृहातल्या डब्यात, आणि डब्यावर एक नंबर.

माझ्या नावावर पस्तीस शोधनिबंध होते आणि शेतकऱ्याच्या शेतात एकही वाण नव्हता. ज्याचा वाण शेतात नाही असा भात-पैदासकार म्हणजे लग्नातला वाढपी. सगळ्यांना वाढतो, पंगतीला कधी बसत नाही. तिसऱ्या वर्षाचा निकाल लागल्यावर पाच महिन्यांत मी निवृत्त होणार होते. नऊ गेला असता तर माझं सगळं गेलं असतं.

आणखी एकच गोष्ट सांगते, कडेच्या ओळीची. आमचा प्लॉट सहा ओळींचा. त्यातल्या दोन्ही कडांच्या ओळी आम्ही धरत नाही. कडेच्या रोपावर शेजारच्या वाणाची सावली पडते, कधी शेजारी ठेंगणा असला तर जास्त ऊन मिळतं. ते रोप खरं बोलत नाही. म्हणून कापणीला आधी कडा कापून बाजूला टाकायच्या आणि मधल्या चार ओळींचंच भात तोलायचं. भाताचा शेजार एका ओळीच्या पलीकडे पोचत नाही, हा नियम माझ्या जन्माच्या आधीचा आहे. टाकलेल्या कडा मजूर बायका घरी नेतात. कुठल्या कागदावर हे लिहिलेलं नाही, पण कोळदऱ्यात तो बायकांचा हक्क आहे आणि त्यात वरून आलेला साहेबसुद्धा बोलत नाही.

दुसऱ्या वर्षीच्या कापणीला या कडांवरून बायकांत भांडण जुंपलं. आवाज एवढा चढला की मी छत्री घेऊन शेतात गेले.

"काय गोंधळ आहे, ठकूबाई?"

"आवो बाई, गेल्या साली चौदाच्या शेजारच्या कडा हिनं नेल्या. औंदा माजी पाळी. तर ही म्हनती चिठ्ठी टाका."

"चौदाच्या कडा एवढ्या चांगल्या आहेत का?"

"चौदाच्या न्हाई वो. चौदाच्या शेजारच्या!" ठकूबाईनं मला अगदीच ढ ठरवून समजावलं. "चौदा सवता बेताचाच पिकतोय. पर त्येच्या शेजारी कुनाचं बी भात असू द्या, दाना कसा टच्च भरतोय. आमाला आता पाठ झालंय. हे घ्या, हातात घिऊन बघा."

तिनं माझ्या हातात दोन लोंब्या दिल्या. दोन्ही माझ्या नऊच्याच. एक चौदाच्या शेजारच्या प्लॉटातली, एक लांबच्या. आंधळ्यालाही फरक कळला असता.

"काहीतरीच तुमचं," मी म्हणाले आणि दोन्ही लोंब्या पर्समध्ये टाकल्या.

खोलीत येऊन दार लावून दाणे मोजले. एकीत एक्याण्णव भरलेले दाणे, दुसरीत एकशे अठ्ठेचाळीस. कडेची ओळ होती, ठीक. पण मग मी मधल्या ओळींची मोजमापं काढली. चौदाला लागून असलेल्या प्लॉटांत मधल्या ओळीही इतरांहून भारी होत्या, फक्त थोड्या. वाणावाणांतल्या फरकात ते झाकून गेलं होतं.

प्रत्येक प्लॉटात आमचे ओलमापक पुरलेले असतात. मातीतली ओल ते दर तासाला नोंदवतात. आम्ही सगळे शहाणे लोक त्या नोंदींची दिवसाची सरासरी काढतो आणि तेवढीच पाहतो. मी त्या दुपारी पहिल्यांदा तासातासाच्या नोंदी उघडल्या. इतर प्लॉटांत वरच्या मातीची ओल दिवसा उतरत होती आणि रात्री आहे तिथेच थांबत होती. चौदाच्या शेजारी मात्र ती रात्रभर चढत होती. पावसाचा थेंब नसताना, महिनाभर, रोज रात्री.

मला अर्थ लागायला वेळ लागला नाही. दिवसा पानं पाणी ओढतात, ते मुळांतून वर चढतं आणि हवेत जातं. रात्री पानांची दारं मिटतात आणि ही ओढ थांबते. पण पाणी स्वस्थ बसत नाही, ते ओलीकडून कोरड्याकडे जातंच. खालच्या ओल्या मातीतलं पाणी खोल मुळांतून वर येतं आणि वरच्या मुळांमधून कोरड्या मातीत झिरपतं. काही झाडं असं करतात हे जुनंच ज्ञान. भात करत नाही, कारण एक तर त्याची मुळं खोल नसतात आणि दुसरं म्हणजे त्या मुळांना मेणासारखं अस्तर असतं, आतलं पाणी बाहेर जाऊ न देणारं. तेजलनं मुळं खोल नेण्यासाठी जनुकांत जी काटछाट केली होती, तिच्यात हे अस्तरही पातळ झालं असणार. तिला पत्ता नव्हता. तिचा चौदा रोज रात्री दीड हातापर्यंतच्या, म्हणजे तीन ओळींपर्यंतच्या शेजाऱ्यांना पाणी पाजत होता आणि त्यापायी स्वतः बेताचाच पिकत होता.

एका वाणामुळे सबंध शेत जगू शकेल अशी ही गोष्ट. नाचणीच्या, तुरीच्या, कशाच्याही ओळींत मधे चौदा पेरावा आणि पावसानं खुशाल पाठ फिरवावी. माझ्या उभ्या आयुष्यात मला याहून मोठं काही दिसलं नव्हतं. आणि ते दिसताच माझ्या मनात पहिला विचार आला तो हा: म्हणजे हेही तिचंच.

मी कुणालाही काही बोलले नाही.

तिसऱ्या वर्षीचा आराखडा काढायचं काम माझंच होतं, कारण केंद्राची प्रमुख मी. संगणकावर एक बटण असतं. ते दाबलं की बारा वाण चार रांगांत पत्त्यांसारखे पिसून येतात. नऊ आणि चौदा एका रांगेत शेजारी येण्याची शक्यता सहात एक. चारही रांगांत शेजारी येण्याची, बाराशे शहाण्णवात एक. मी बटण दाबलं. आराखडा आला, मी तो पाहिला आणि पुन्हा दाबलं.

यात खोटं काही नव्हतं, हे लक्षात घ्या. आलेला प्रत्येक आराखडा संगणकानंच काढलेला, अस्सल. मी फक्त तो नापसंत करत होते. यंत्र शेवटचा आराखडा तेवढा जपून ठेवतं, आधीचे पुसून टाकतं. जेवणाच्या सुट्टीनंतर सुरुवात केली आणि शिपाई चहा ठेवून गेला तो थंड झाला तरी मी दाबतच होते. चारशे बासष्टाव्या वेळेला चारही रांगांत नऊ आणि चौदा हातात हात घालून उभे राहिले. मी 'मंजूर' केलं, सही केली आणि थंड चहा पिऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी तेजल पळतच आली.

"मॅडम, पाहिलंत? चारही रांगांत आपण शेजारी! असं हजारात एकदा होतं!"

"योगायोग," मी म्हणाले.

"असू दे ना. शुभशकुन आहे." ती खरंच आनंदली होती. तिच्या जागी मी असते तर आधी आकडे मोजले असते.

त्या वर्षी जुलैच्या शेवटी पाऊस गेला तो सदतीस दिवस फिरकला नाही. माळ पिवळा पडला. बांधावरची करवंदीची पानंसुद्धा मलूल झाली. चार ठिकाणी मात्र हिरवा चौकोन दिसायचा: तेजलचा चौदा आणि त्याला लागून माझा नऊ. दुसऱ्या बाजूचा शेजारीही तरारायचा, पण तो प्रत्येक रांगेत वेगळा, त्यामुळे कुणाच्या नजरेत भरला नाही. भरला तो नऊच. बाहेरून पाहुणे आले, नऊसमोर उभं राहून त्यांनी छायाचित्रं काढली. मी मधे उभी, टोपी घालून.

तेजल दर दोन दिवसांनी मूळदर्शक घेऊन नऊच्या प्लॉटात यायची. तीन-तीनदा ओढायची. त्या वीतभर गुंत्यात एवढं काय आहे ते तिला शोधायचं होतं. तिचं यंत्र मुळं दाखवायचं, पाणी दाखवत नव्हतं, आणि ती शोधत होती चुकीच्या रोपात.

"मॅडम, मला काही कळेनासं झालंय," एकदा ती बांधावर बसून म्हणाली. "मुळं खोल गेली की पीक तगतं, एवढ्या एका समजुतीवर माझी सहा वर्षं गेली. तुमची मुळं खोल नाहीत आणि तुमचं पीक तगतंय. चौदा जेमतेम. म्हणजे माझं मुळातच चुकलंय का?"

"होतं असं कधी कधी," मी म्हणाले आणि तिच्या पाठीवर हात ठेवला.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? त्या रात्री मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

ठकूबाई मात्र कापणीच्या आधी एकदा माझ्याजवळ येऊन थांबली. विळा हातातच होता.

"औंदा चारी जागी तुमी चौदाच्या शेजारी. देवच पावला म्हनायचा तुमाला."

"हं."

"पोरीला सांगितलंत का?"

"काय सांगायचं?"

"शेजारचं. म्या म्हनलं, बाईंनी सांगितलंच आसंल." तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "आमी काय, अडानी. आमचं कोन आयकतंय."

"सांगेन, सांगेन," मी म्हणाले. ती कडा कापायला गेली.

निकाल लागला. तुलनेच्या वाणापेक्षा नऊ तेवीस टक्क्यांनी जास्त. चौदा सहा टक्के. पहिल्या पावसाला नऊचं बियाणं चाळीस गावांत जाणार होतं, उतारावरच्या वरकस जमिनींत, सबंध माळभर नऊच नऊ. म्हणजे एकटा, शेजारी चौदा नसलेला. तसा तो किती पिकतो हे मला पहिल्या दोन वर्षांच्या नोंदींवरून पक्कं माहीत होतं. साध्या वर्षी जेमतेम चार टक्के जास्त. पावसानं पाच आठवडे दडी मारली तर पेंढाही हाती लागणार नाही. चाळीस गावांतली माणसं घरचं जुनं बियाणं बाजूला ठेवून माझं पेरणार होती. मी मनाशी म्हणत होते, पुढच्या वर्षी पाऊस बरा होईल. इतकी वर्षं पावसाचे आकडे पाहणारी बाई मी, आणि असं म्हणत होते.

जानेवारीत वाण निवड समितीची बैठक भरली. लांबलचक टेबल, नऊ सदस्य, अध्यक्ष म्हातारे आणि कडक. मी नवी साडी नेसले होते. माझं निवेदन झालं, आकडे पडद्यावर आले, अध्यक्षांनी मान हलवली. मग त्यांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, "कुणाला काही म्हणायचंय?"

तेजल उभी राहिली.

"मला दोनच गोष्टी सांगायच्यात, सर. एक, कोळदरा-चौदा मी स्वतःहून मागे घेते. खोल मुळांबद्दलची माझी कल्पना अपुरी निघाली, ते मान्य करायला हवं. आणि दुसरं, नऊची शिफारस मी करते. मोहोळकर मॅडमनी यंत्राशिवाय, नुसत्या डोळ्यांनी आणि हातांनी एकोणीस वर्षांत जे केलं, ते मला एवढी साधनं असून जमलं नाही. भाताचं फूल उघडायला मला त्यांनी शिकवलं. त्यांचा वाण शेतात जाताना मी इथे आहे, याचा मला आनंद आहे."

टाळ्या वाजल्या. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. आणि मी पाहिलं, त्या खोलीतला एकूण एक माणूस तेजलकडे पाहत होता. माझ्याकडे कुणी बघतच नव्हतं. वाण माझा, दिवस माझा, साडी माझी, आणि कौतुक तिच्या मोठ्या मनाचं!

नाकाला मिरच्या झोंबाव्यात तसं झालं मला. हरतानाही हीच मोठी? हिनं हरावं तेही असं, आणि मी जिंकावं ते तसं? त्या क्षणी चाळीस गावं माझ्या मनात नव्हती, देवाशपथ नव्हती. पश्चात्ताप नंतर आला, यथावकाश, जसा येतो तसा. तेव्हा एवढंच वाटत होतं की या खोलीत खरं वागणारी ही एकटीच ठरता कामा नये.

"बसा खाली," मी तेजलला म्हणाले. तिला मी कधी अहो-जाहो केलं नव्हतं. "हे तेवीस टक्के माझे नाहीत. ते तिच्या वाणाचे आहेत."

मग सगळं सांगितलं. रात्री चढणारी ओल, पातळ झालेलं अस्तर, दीड हाताचा शेजार. ओलमापकाचा आलेख पर्समध्ये होता. वर्षभर तो मी घडी करून का बाळगला होता, कोण जाणे. शेवटी बटणाचं सांगितलं.

"तुम्ही काय बोलताय ते तुम्हाला कळतंय ना?" अध्यक्षांनी विचारलं.

"गेल्या वर्षीपासून कळतंय," मी म्हणाले.

चाचणी रद्द झाली. नऊ बाद झाला, कायमचा. माझ्यावर चौकशी बसली आणि त्याच दिवशी केंद्राचा कारभार तेजलकडे गेला. पुढच्या हंगामात चौदाची नव्यानं परीक्षा घ्यायची, इतर पिकांच्या ओळींत मिसळून आणि शेजार मोजून, असं ठरलं. सदस्य उठून गेले. जाताना दोघांनी मला नमस्कार केला नाही.

बाहेर पायऱ्यांवर तेजल उभी होती. जीप यायला अवकाश होता. मला वाटलं रडेल, ओरडेल. तिनं नुसतं विचारलं, "किती वेळा दाबलंत?"

"चारशे बासष्ट."

"तो आराखडा मी घरी भिंतीवर लावलाय."

उन्हात दोघी उभ्या राहिलो. ती पायरीच्या कडेचा पोपडा बुटानं उकरत होती. मग तिनं मान वर केली आणि ती बोलली तो आवाज मी याआधी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

"सहा वर्षं तो वाण माझ्या हातांत आहे. मी त्याचं पानन् पान ओळखते. यंत्र माझ्याकडे, नोंदी माझ्याकडे. आणि तो काय करतोय हे मला दिसलं नाही, तुम्हाला दिसलं. कसं? तुम्हालाच कसं दिसलं?"

तो आवाज मी ओळखला. इतकी वर्षं तो माझ्याच घशात होता. तिच्या नाकपुड्या फुलल्या होत्या, ओठ आवळले होते. तेजल लांघी माझा हेवा करत होती! नोकरीची अब्रू गेली होती, वाण गेला होता, आणि तरी त्या पायऱ्यांवर मला इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही. गप्प राहिले असते तर ते जन्मभर माझं राहिलं असतं. मी गप्प राहिलेही. जीप फाटकातून आत आली, वळली, चालकानं ती सावलीत लावली, तोवर राहिले.

"मला नाही दिसलं," मी म्हणाले. "ठकूबाईला दिसलं. पहिल्याच वर्षी. सगळ्या बायकांना माहीत आहे. चौदाच्या शेजारच्या कडा कुणी न्यायच्या यावरून त्या भांडतात."

तेजल माझ्याकडे बघत राहिली. "ठकूबाईला?"

"दोन लोंब्या हातात धरून."

ती पायरीवर बसली. बसल्या बसल्या म्हणाली, "अहवालात पहिलं नाव त्यांचं जाईल मग."

"जाऊ दे," मी तिच्याशेजारी बसत म्हणाले, आणि ते म्हणतानाही मला झोंबलं. तिच्या तोंडाकडे पाहिलं तर तिलाही झोंबलं होतं.

चालकानं हॉर्न दिला. उठलो नाही. दोघी तिथेच पायरीवर बसून राहिलो, आणि पहिल्यांदाच आम्ही दोघी मिळून एकाच बाईचा हेवा करत होतो.